सरळ की वाकडा

"सरळ!" मयुरी ओरडली. चेंडू सरळच आला आणि मागच्या जाळीत धपकन शिरला.

"वाकडा!" हा चेंडू अर्ध्या वाटेपर्यंत शहाण्यासारखा आला आणि मग एकदम मान टाकून तिच्या गुडघ्याखाली गेला.

"सरळ. सरळ. वाकडा. दादा, कायले टाइमपास करून राहिला गा? कठीण टाक ना काही!"

चंदनने बाहीने कपाळाचा घाम पुसला आणि तो पोट धरून हसला. "अवं, याच्यापेक्षा कठीण आपल्या बापालेही टाकता येणार नाही!"

मयुरीच्या खांद्यावर बॅट होती, पण ती फिरवायची नाही असा मोठ्या भावाचा नियम होता. चेंडू हातातून सुटला की बोलायचं, सरळ की वाकडा, आणि चेंडू जाऊ द्यायचा. "हात गप्प, डोळे चालू," चंदन रोज बजावायचा. मोसम संपला, स्पर्धा संपल्या, बाकीच्या पोरी मामाच्या गावी आंबे खायला गेल्या. आणि हे दोघं होळीपासून रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, शाळेच्या ओसाड मैदानावर हेच करत होते. नागपूरच्या तांडापेठेतल्या लोकांना आधी वाटलं, क्रिकेट सोडून हे काय नवीन खूळ. मग बॅट घेऊन नुसतीच उभी राहणारी पोरगी पाहिल्यावर त्यांची खात्रीच पटली, की हिच्या डोक्यात ऊन गेलं. म्हणू द्या. बेसबॉलची बॅट आणि कपडे धुवायचं धोपटणं यातला फरक ज्यांना कळत नाही, त्यांच्याशी कोण डोकं लावणार?

खूळ नव्हतं ते. मागच्या वर्षी राज्याच्या संघाच्या निवड चाचणीत मयुरीने सरळ चेंडू असे हाणले होते, की कुंपणाबाहेरून आणून आणून पोरी दमल्या. मग समोरच्या पिचरने वाकडा चेंडू टाकला, ज्याला खेळात कर्व्ह म्हणतात, आणि मयुरीची बॅट हवेत फिरली. पुन्हा वाकडा, पुन्हा हवेत. शेवटपर्यंत तेच. निवड समितीच्या सुरुची मॅडम शेजारच्या बाईंना म्हणाल्या, आणि मयुरीच्या कानांनी ते ऐकलं: "हात चांगले आहेत हिचे. पण हिला चेंडूच दिसत नाही."

ते वाक्य वर्षभर तिच्या मानगुटीवर बसून होतं. त्या दिवशी घरी येऊन रागाच्या भरात तिने आईसमोर आणि चंदनसमोर शब्द दिला, की पुढच्या वर्षी संघात नाव आलं नाही तर बॅट माळ्यावर जाईल आणि पुन्हा खाली येणार नाही. कुणी मागितला होता हा शब्द? कुणीच नाही. पण मयुरी दिलेला शब्द फिरवणाऱ्यातली नव्हती, आणि घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. मिहानमधल्या, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योगनगरीतल्या, एका कंपनीने नोकरी देऊ केली होती. चाचणी झाली की कळवते, असं सांगून तिने त्यांना थांबवून ठेवलं होतं. नाव नाही आलं, तर शिफ्टची नोकरी आणि मैदानाला रामराम.

चंदन स्वतः एकेकाळचा पिचर. खांदा गेला, खेळ सुटला, आता मिहानमधल्याच एका गोदामात रात्रपाळी करायचा. पाळी सुटली की घरी न जाता थेट मैदानावर यायचा. वाटेत पानठेल्यावर थांबून खर्रा घ्यायचा. नागपूरच्या माणसाला खर्रा समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगायचं तर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घासघासून केलेला ऐवज. तो गालात कोंबला, की चंदनचा दिवस सुरू व्हायचा. आई, तुळजाबाई, त्याच्या शर्टावरचे लाल डाग घासताना रोज त्याचा उद्धार करायची. तो हसायचा.

सुरुवातीला मयुरीची पुरती फजिती झाली होती. सरळला वाकडा म्हणायची, वाकड्याला सरळ, आणि कधीकधी चेंडू जाळीत गेल्यावर तोंड उघडायची. पण चैत्र संपता संपता काहीतरी जुळलं. चुका कमी झाल्या, मग जवळजवळ नाहीशाच झाल्या. अक्षय्य तृतीयेपर्यंत तर ती चेंडू चंदनच्या हातातून सुटायच्या आधीच सांगायला लागली होती. तिलाही कळायचं नाही कसं, पण आतून आवाज यायचा आणि तो खरा निघायचा. फक्त मोबाइलवर परक्या पिचरांचे व्हिडिओ लावून, चेंडू सुटताक्षणी थांबवून ओळखायला बसली, की निम्मे चुकायचे. "एवढ्याशा स्क्रीनवर काय दिसते कपाळ," असं म्हणून तिने तो नाद सोडून दिला. चंदन तर हवेतच होता. गोदामात, पानठेल्यावर, जो भेटेल त्याला सांगत सुटायचा, "माह्या बहिणीचे डोळे नाही गा ते, दुर्बीण आहे दुर्बीण!"

आणि मग चाचणी तोंडावर आली असताना, एका सकाळी ती दुर्बीण फुटली.

"सरळ!" मयुरी म्हणाली. चेंडू वाकडा आला.

"वाकडा!" सरळ आला आणि तिच्या पोटासमोरून सणकन गेला.

पहिल्यांदा दोघं हसले. झोप नीट झाली नसेल, असं ठरलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा कुणी हसलं नाही. तिसऱ्या दिवशी मयुरीचे तळहात घामाने असे भिजले की बॅट सटकायला लागली. आतला तो आवाज गप्प झाला होता. चंदनचा हात फिरायचा, चेंडू यायचा, आणि तिला काही म्हणजे काहीच उमगायचं नाही. नुसती आंधळी कोशिंबीर!

"नीट पाह्य ना!" चंदन खेकसला. तोही आताशा बिनाकारण खेकसायला लागला होता. हात थरथरायचा, डोकं दुखतं म्हणायचा.

"पाहूनच राहिली मी! तूच काहीतरी वेगळं टाकून राहिला."

"मी तेच टाकून राहिलो जे होळीपासून टाकतो! तुहं ध्यान कुठी आहे?"

तिने बॅट भिरकावली. तीन महिन्यांत पहिल्यांदा बहीणभाऊ मैदानावरून वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी गेले.

डोळ्यांच्या डॉक्टरने भिंतीवरची सगळ्यात बारीक ओळ वाचून घेतली आणि म्हणाला, डोळे ठणठणीत आहेत. मयुरीला वाटलं, नंबर निघाला असता तर बरं झालं असतं. निदान चष्मा तरी लावता आला असता. तुळजाबाईने आपला उपाय काढला. मीठ-मोहरी आणि भिवापुरी मिरच्या लेकीवरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. दृष्ट लागली असेल तर मिरचीचा ठसका लागत नाही म्हणतात. इथे तर अख्खं घर खोकून खोकून अंगणात आलं, शेजारी शिव्या देत खिडक्या लावायला धावले, आणि चंदन तर डोळ्यांत पाणी आणून गालच धरून बसला.

"दृष्ट नाही वं तुले," आई डोळे पुसत म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, कारण तिच्याजवळ दुसरा उपाय नव्हता.

मयुरीला भीती वाटत होती, आणि ती साधीसुधी नव्हती.  माळ्याच्या लाकडी फळीकडे नजर गेली की ती मान फिरवायची. तिच्या मनात पुन्हा पुन्हा तेच यायचं, की सुरुची मॅडम खरं बोलल्या होत्या आणि उन्हाळाभराचं हे सगळं म्हणजे थोडे दिवस टिकलेलं नशीब होतं.

उलगडा झाला तो जेवताना. कूलरसमोर बसून बहीणभाऊ जेवत होते. चंदन नेहमीसारखा वरणात पोळी कुस्करून, लगदा करून खात होता. रश्श्याची वाटी त्याने आजही बाजूला सारली होती. आई धुतलेल्या कपड्यांची घडी घालता घालता सहज बोलली, "काही म्हण, या आठवड्यात शर्ट घासाले मजा आली बाई मले. एक डाग नाही. खर्रेवाला मेला का काय तुहा?"

"आई, जेवू दे ना," चंदन पुटपुटला.

मयुरीने मान वर करून भावाकडे पाहिलं. त्याचे दोन्ही गाल सारखे होते. डावा गाल, जो होळीपासून रोज सकाळी तिने लिंबाएवढा फुगलेला पाहिला होता, तो सपाट होता. तिचा हात ताटातच थांबला.

"दादा, तू खर्रा सोडला?"

"हं."

"काहून?"

"असाच. मर्जी."

"कधीपासून?"

चंदनने ताटात मान घातली. पण तिला उत्तर नकोच होतं, तिने मनातल्या मनात दिवस जुळवले होते. ती ताटावरून उठली, डब्यातून गुळाचा खडा काढला आणि त्याच्यासमोर धरला. "हा गालात ठेव आन मैदानावर चल."

"आता? या उन्हात? पागल झाली का तू?"

"चल म्हणते ना!"

आई मागून ओरडत राहिली, तोवर मयुरीने स्कूटी काढली होती. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मैदानाची माती चपलेतून चटके देत होती. चंदन गाल फुगवून उभा राहिला आणि वैतागून त्याने हात फिरवला.

"सरळ," मयुरी म्हणाली. सरळ आला.

"वाकडा." वाकडा.

"वाकडा. सरळ. वाकडा." तिचा आवाज प्रत्येक चेंडूला बारीक होत गेला. एकही चुकला नाही. शेवटी ती बॅट टेकवून मटकन खाली बसली. चंदन धावत आला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. "आली ना परत नजर! मी म्हणतच होतो..."

"नजर नाही दादा, गाल!" ती ओरडली. "वाकडा टाकायच्या आधी तू जिभेनं खर्रा डाव्या गालातून उजव्या गालात नेतो. सरळ टाकायचा असला की तो तसाच राहते. मी चेंडू कधी पाहिलाच नाही. उन्हाळाभर मी तुहा गाल पाहून राहिली होती!"

चंदनचा हात आपसूक गालावर गेला. त्याला स्वतःला हे ठाऊक नव्हतं. वाकड्यासाठी दात आवळून मनगटाला झटका द्यावा लागतो, आणि दातांत ऐवज येऊ नये म्हणून जीभ तो पलीकडे सारायची. इतक्या वर्षांची सवय ती. तोही तिच्या शेजारी मातीत बसला. 

"तिथं कोण खर्रा खाऊन चेंडू टाकणार आहे माह्यासाठी?" मयुरी म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. "वाया गेलं ना सगळं. तुह्या झोपा, माहा उन्हाळा, सगळं."

चंदनने गूळ थुंकला. चोरी पकडली जावी तसा तो खाली पाहत होता. "आता सांगतोच," तो म्हणाला. "सांगितलं की फळ जाते म्हणतात, पण आता काय राहिलं जायचं. टेकडीच्या गणपतीले नवस बोललो होतो. मयुरीचं नाव लागू दे, मी खर्रा सोडतो. पहिले सोडतो, मग मागतो, असं म्हटलं."

मयुरीने त्याच्याकडे पाहिलं. राग यायला हवा होता, तो आलाही. हसू यायला हवं होतं, तेही आलं. माझ्या भल्यासाठी नवस बोलला आणि त्याच नवसाने माझं वाटोळं केलं! तिने नाक पुसलं, ती उठली, आणि तिने स्कूटीच्या हँडलला अडकवलेला दुपट्टा काढला. नागपूरच्या उन्हात तोंडाला दुपट्टा न बांधता कोणती पोरगी गाडी चालवते? तिने तो भावाच्या तोंडाभोवती गच्च गुंडाळला. नाक, तोंड, गाल सगळं झाकलं, फक्त डोळे उघडे ठेवले.

"आता टाक."

सगळे चुकले. पण ती हटली नाही. पुढचे दिवस सकाळ-संध्याकाळ तेच. चंदन दुपट्ट्यात गुदमरत चेंडू टाकत होता, आणि मयुरी नजर ओढून ओढून त्याच्या तोंडावरून हातावर आणत होती. नजर चोरासारखी परत तोंडाकडे जायची. ती स्वतःलाच शिव्या द्यायची. हळूहळू काहीतरी दिसायला लागलं. सरळ चेंडूला बोटं चेंडूच्या मागे दिसायची, वाकड्याला अंगठ्याची बाजू. वाकडा सुटतानाच उचकी लागल्यासारखा जरासा वर यायचा. कधी दिसायचं, कधी नाही. चाचणीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत निम्म्याहून थोडे जास्त बरोबर यायला लागले होते, त्यापलीकडे काही नाही.

"पुरेल?" तिने विचारलं.

"मले काय माहीत वं," चंदन खरं तेच बोलला. "पण हे तुहं आहे. ते माहं होतं."

चाचणीच्या मैदानावर कापडी मांडवाखाली सुरुची मॅडम बसल्या होत्या. त्यांनी मयुरीला ओळखलं आणि मान हलवली, त्यात ना माया होती ना राग. पिचर होती सावनेरची चारुशीला, उंच, लांब हातांची, संघात जवळपास पक्की. प्रत्येक पोरीला दोनदा फलंदाजी मिळणार होती.

पहिल्या वेळी मयुरी प्लेटशी, म्हणजे फलंदाजाच्या जागी, उभी राहिली आणि तिची नजर सरळ चारुशीलाच्या तोंडावर गेली. महिन्यांची खोड, ती काय चार दिवसांत जाते? चारुशीलाचा चेहरा घासलेल्या ताटासारखा कोरा होता. ना गाल हलला, ना ओठ. वाकडा आला, बॅट हवेत. सरळ आला, ती थिजली. पुन्हा वाकडा, पुन्हा हवेत. अंपायरने हात वर केला आणि ती बाद. मांडवात मॅडम शेजारच्या बाईंकडे झुकून काही बोलल्या. ते तिला ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरजही नव्हती.

बाकावर बसून तिने हेल्मेट मांडीवर घेतलं.  संध्याकाळी घरी गेल्यावर माळ्यावर चढायला स्टूल कोणतं घ्यायचं, इथपर्यंत विचार गेला. दुसऱ्यांदा नाव पुकारलं तेव्हा ती उठली आणि सवयीने जाळीपलीकडे चंदनला शोधू लागली.

बाहेरून बोलायला मनाई होती. चंदन कडुलिंबाच्या गार सावलीत उभा होता, आणि त्या सावलीतही त्याने तोंडाला दुपट्टा गुंडाळला होता. नाक, तोंड, गाल सगळं झाकलेलं. आजूबाजूचे लोक त्याच्याकडे पाहून हसत होते. तो हलला नाही.

मयुरीने श्वास सोडला आणि प्लेटशी जाऊन उभी राहिली. समोर चारुशीला होती. मयुरीने मनातल्या मनात तिच्या तोंडाला दुपट्टा बांधला आणि उरलेल्या हाताकडे पाहिलं.

पहिला चेंडू सरळ. ओळखला, पण बॅट उशिरा आली, चेंडू रेषेबाहेर गेला. स्ट्राइक, म्हणजे पहिली चूक; तिसरीला बाद. दुसरा वाकडा, कोपऱ्यातून आत शिरला, अंपायरने हात वर केला. आता आणखी एक चूक, की संपलं.  चारुशीलाचा हात वर गेला, फिरला, आणि मयुरीला अंगठा दिसला. चेंडूने उचकी घेतली. हात गप्प, तिने स्वतःला सांगितलं. सगळं अंग फिरव फिरव म्हणत होतं आणि ती दगडासारखी उभी राहिली. चेंडू तिच्या डोळ्यांदेखत खाली कोसळला आणि मातीला लागून कॅचरच्या हातात गेला.

"बॉल!" अंपायर म्हणाला, म्हणजे चेंडू हद्दीबाहेर, तिची चूक नाही.

मांडवात सुरुची मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. चारुशीलाने पुन्हा तोच टाकला, यावेळी थोडा वर. अंगठा दिसला. उचकी दिसली. लाल शिवण पुढे गडगडत येताना दिसली. मयुरीने चेंडू कोसळायची वाट पाहिली, आणि जिथे तो येणार होता तिथे बॅट नेली. आवाज असा आला की बाकावरच्या पोरी उभ्या राहिल्या. दोन खेळाडूंच्या मधून, कुंपणापर्यंत!

धावून परत येताना मॅडमनी तिला हाक मारली. "काय दिसलं?"

"अंगठा, मॅडम. आणि मग चेंडू."

"मागच्या वर्षी नव्हता दिसला."

"मागच्या आठवड्यापर्यंतही नव्हता," मयुरी बोलून गेली. मॅडमना काही कळलं नाही, पण त्या हसल्या.

नावं वाचली तेव्हा तिचं नाव शेवटून दुसरं होतं. तोवर तिने हातातला रुमाल पिळून पिळून दोरी केली होती. नाव ऐकलं आणि ती जाळी ओलांडून पळत सुटली. चंदनने आधीच कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे आणून ठेवले होते. नाव आलं नसतं तर त्या पेढ्यांचं काय केलं असतं, देव जाणे. त्याने दुपट्टा खाली ओढला. घामाने थबथबलेला चेहरा, डोळे लाल.

"आधी तू!" मयुरीने अख्खा पेढा त्याच्या तोंडाशी नेला. पेढा दातांवर आपटून थांबला. "तोंड उघड ना गा!"

"उघडलं आहे," चंदन म्हणाला.

तिला वाटलं, तो चेष्टा करतोय. तिने पुन्हा पेढा लावला. चंदनचा जबडा ताणला गेला, गळ्याच्या शिरा दिसल्या, आणि दातांमध्ये जेमतेम दोन बोटं जातील एवढीच फट झाली. "एवढंच उघडते आता," तो ओशाळं हसत म्हणाला. "तिखटही चालत नाही. आग होते."

मयुरीचा हात तिथेच राहिला. वरणात कुस्करलेली पोळी. बाजूला सारलेली रश्श्याची वाटी. मिरचीच्या धुरात त्याने धरलेला गाल. होळीपासून रोज सकाळी ती त्याच गालाकडे पाहत होती, इतकी, की त्यातली सुपारी हललेली तिला कळायची. आणि हे तिला दिसलं नव्हतं.

"नवस तुह्या नावाचा होता," चंदन खाली पाहत बोलला. "खोटं नाही सांगत. पण खर्ऱ्यानं तोंड असं झालं, त्याचं भेवही लागून राहिलं होतं मले. कोणाले सांगू?"

"मले," ती म्हणाली.  "मले सांगायचं होतं ना दादा."

"तुही चाचणी होती वं."

मयुरीने पेढ्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि तिथेच रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, एकेक तुकडा त्याच्या दातांच्या फटीतून आत सारला. तो चघळत राहिला, ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. पेढा संपला तेव्हा तिने स्कूटीची किल्ली काढली.

"बस मागं. दातांचा दवाखाना अजून उघडा असेल."

"अवं आई वाट पाहून राहिली असेल. नाव लागलं, ते तर सांगू दे पहिले."

"फोनवर सांग," मयुरी म्हणाली, आणि तिने गाडी सुरू केली.